जे वाचले, त्यांनी लिहिले : मराठी साहित्यातील राबते बालपण

डहाणू तालुक्यातील विवळवेढे हे गाव दोन कारणांनी लोकांना ठाऊक असते. चैत्री पौर्णिमेपासून तेथे महालक्ष्मीची यात्रा भरते आणि वारली समाज दूरदूरच्या पाड्यांवरून तिकडे लोटतो, हे एक. आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग त्या देवस्थानाजवळून जातो, हे दुसरे. यात्रा पंधरवड्यात आटोपते. महामार्ग मात्र वर्षभर माणसे वाहून नेत असतो. दिवाळी सरली, भात झोडून झाले, की डहाणू-तलासरीतील कितीतरी कुटुंबे भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन वसई, भिवंडी, कल्याण या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. काही मुले तर आईबापांवाचून एकटीच शहरात पोहोचतात; कुणी हॉटेलात, कुणी कुणाच्या घरी वरकामाला. शहर या मुलांच्या शरीराचे काय करते, हा प्रश्न डॉक्टरांचा आणि सरकारचा आहे, असे आपण समजून चालतो. आमच्या मते तो साहित्याचाही आहे. राबणारे मूल आपल्या साहित्यात आले आहे काय, आणि आले असल्यास त्याचे शरीर बरोबर आले आहे काय, एवढ्यापुरताच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभ याच परिसरातील दोन पुस्तकांपासून करणे उचित ठरेल. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. वेठबिगारी आणि लग्नगडी या दोन जोखडांखाली पिचलेला वारली माणूस १९४५ साली ताठ कसा उभा राहिला, त्याची ही कहाणी. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायको जमीनदाराकडे बांधली जात आणि कर्ज फिटता फिटत नसे. अशा घरात जन्मलेले मूल कामाचा वारसा घेऊनच जन्मास येत असे. परंतु पुस्तकाचा भर जागे होणाऱ्या प्रौढ माणसावर आहे. मूल तेथे आईबापांच्या दुःखात सामावलेले आहे. लढ्याच्या कथनात हे स्वाभाविकच होते. जोखड मोडले की मुलाच्याही मानेवरचे ओझे उतरेल, ही त्या काळाची श्रद्धा होती.

दुसरे पुस्तक अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. ताराबाई मोडक आणि अनुताई यांनी १९४५ मध्येच बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडला नेले. एकच साल, एकच परिसर. पण दृष्टी वेगळी. आदिवासी मूल शाळेत येत नाही, कारण त्याला गुरे राखायची असतात, धाकटे भावंड सांभाळायचे असते, लाकूडफाटा आणायचा असतो, हे या दोघींनी प्रथम मान्य केले. मग शाळाच कुरणावर नेली. ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीला या टेकडीने दिला. आणि त्यांच्या बालवाडीत आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे यांना अक्षरओळखीइतकेच स्थान होते. या लेखनाचे वाङ्मयीन मोल आपल्या समीक्षेने फारसे केलेले नाही. त्यास समाजकार्याचे वृत्त मानून बाजूस ठेवले. आम्हांस मात्र वाटते की राबणाऱ्या मुलाकडे पाहताना त्याचे अंग प्रथम पाहावे, ही जाणीव मराठी गद्यात ज्या थोड्या ठिकाणी स्पष्टपणे आली, त्यांपैकी हे एक ठिकाण आहे. मुलाच्या डोळ्यांत काय आहे, त्याची त्वचा कशी आहे, तो जेवला आहे का, हे पाहिल्यावाचून शिक्षिकेला पुढचे पाऊल टाकता येत नाही. साहित्यिकाला टाकता येते, आणि तेथेच घोटाळा होतो.

आता महामार्गाने मुंबईस जाऊ. शहरातील राबत्या बालपणाचा विषय निघाला की आपल्या ओठी पहिले नाव येते ते नारायण सुर्वे यांचे. रस्त्यावर सापडलेले हे अर्भक गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले आणि काशीबाईंनी पोटच्या पोरासारखे वाढविले. चौथीपर्यंत शाळा झाली. गंगाराम निवृत्त होऊन कोकणात गेले आणि हा मुलगा मुंबईत एकटा उरला. घरगडी, हॉटेलातील पोऱ्या, हमाल, गिरणीतील कामगार, अशी कामे करीत तो पुढे शिक्षक झाला, कवी झाला आणि १९९५ मध्ये परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. ‘माझे विद्यापीठ’ हा त्यांचा संग्रह १९६६ सालचा. त्या शीर्षकानेच एक कल्पना आपल्या मनात रुजविली : रस्ता हेच विद्यापीठ, कष्ट हीच पदवी.

कवीला हे म्हणण्याचा पूर्ण अधिकार होता. आमचे म्हणणे वाचकांविषयी आहे. गेली कित्येक वर्षे सत्कारसमारंभांतून, शाळेच्या स्नेहसंमेलनांतून, वक्तृत्वस्पर्धांतून आपण ही कल्पना कवीच्या हातून काढून घेतली आणि तिची म्हण करून टाकली. कष्टांनी माणूस घडतो, हे वाक्य आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की कोणत्या वयाचे कष्ट आणि किती तासांचे, हे विचारणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते. सुर्वे यांच्या जीवनाचा बारकाईने विचार केला तर वेगळेच दिसते. त्यांना तारले ते गंगाराम-काशीबाईंच्या घरातील अन्नाने आणि महापालिकेच्या शाळेतील चार इयत्तांनी. रस्त्याने त्यांना बरेच काही शिकविले असेल, पण रस्त्यावर पडण्यापूर्वीची जी काही वर्षे त्यांना मिळाली, ती ज्यांना मिळालीच नाहीत, अशी मुले त्याच फरशीवर कपबश्या विसळीत होती. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

हाच विचार अण्णा भाऊ साठे यांच्याबाबत करता येईल. वाटेगावहून मुंबईपर्यंत कुटुंबासह पायी आलेला हा मुलगा मिळेल ती अंगमेहनत करीत वाढला आणि ‘फकिरा’ लिहून गेला. दया पवार यांच्या ‘बलुतं’ने १९७८ मध्ये मुंबईतील कावाखान्याचे जग मराठी वाचकापुढे उघडे केले, चिंध्या, कागद, काचा वेचून पोट भरणाऱ्या बाया त्यात आहेत, आणि त्यांच्या अवतीभवती वाढणारे मूल आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने त्यानंतर आली. मराठीला अभिमान वाटावा असे हे धन आहे. पण त्या सर्वांना एक मर्यादा जन्मतःच आहे, आणि ती लेखकांची नव्हे, प्रकाराची आहे. आत्मकथन लिहायला माणूस मोठा व्हावा लागतो. ज्यांची छाती, डोळे, कणा शाबूत राहिला, अथवा निदान लेखणी धरण्याइतका तरी राहिला, त्यांनीच लिहिले. जे वाचले, त्यांनी लिहिले. आणि आपण त्यांचे वाचून असा निष्कर्ष काढला की वाचता येते. रणांगणावरून परत आलेल्यांच्याच मुलाखती घेऊन युद्ध फारसे वाईट नसते, असे म्हणण्यासारखे हे आहे.

यास आणखी एक कारण आहे, आणि ते कथेच्या स्वभावातच दडलेले आहे. कथेला घटना हवी असते. अपघात, मारहाण, पलायन, मृत्यू यांची कथा होते. राबणाऱ्या मुलाच्या शरीराची हानी मात्र बहुतेक वेळा अशी घडत नाही. ती दिवसादिवसाने, गुपचूप घडते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेतून उंची वाढत असते. त्या वयात रोज डोक्यावर विटांचे ओझे वाहिले, तर कण्यावर आणि गुडघ्यांवर त्याचा ताण कायमचा बसू शकतो. वजनाच्या मानाने मूल प्रौढापेक्षा अधिक हवा आत घेते. म्हणून त्याच भट्टीवर, त्याच धुळीत आणि धुरात मुलाच्या फुप्फुसांवर भार अधिक पडतो. पोटात गेलेले शिसे मुलाचे शरीर प्रौढापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात शोषून घेते. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या, भंगार वितळविणाऱ्या मुलांच्या बुद्धीवर त्याचा घाला पडतो. जरीकामाच्या अडगळीच्या खोलीत तासन्‌तास वाकून बसणाऱ्याचे डोळे आणि पाठ जाते. हॉटेलातील पोऱ्याचे हात सतत पाण्यात आणि सोड्यात राहून बोटांच्या बेचक्या कुजतात, आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत त्याच्या वाट्याला पुरती झोप येत नाही. कचरा वेचणाऱ्याच्या पायात काच आणि वापरलेली सुई शिरते.

डहाणू-जव्हारकडून जाणाऱ्या मुलाची कथा तर त्याहून बिकट. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्राची मान खाली गेली होती. या भागातील कुपोषणाचा प्रश्न त्यानंतरही वारंवार पुढे येत राहिला आहे. मुळातच उपासाने खुरटलेले शरीर जेव्हा शहरात जाऊन दहा-बारा तास राबते, तेव्हा मिळालेले तुटपुंजे अन्न वाढीसाठी उरतच नाही. ते कामातच जळून जाते. क्षयासारखा आजार अशाच शरीराची वाट पाहत असतो. यातील एकाही गोष्टीत ‘प्रसंग’ नाही. न वाढलेल्या दोन इंच उंचीवर कथा कशी लिहावी? हा खरोखरच कठीण वाङ्मयीन प्रश्न आहे, आणि आपल्या साहित्याने तो फारसा हाती घेतलेला नाही, असे आम्हांस वाटते.

चित्रपटांचीही तीच गत. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’ने १९८८ मध्ये चहा पोहोचविणारा ‘चायपाव’ जगापुढे आणला. रस्त्यावरच्याच मुलांनी त्यात कामे केली, आणि त्यातून त्यांच्यासाठी सलाम बालक ट्रस्ट ही संस्था उभी राहिली, हे त्या चित्रपटाचे मोठेपण. परंतु त्यातील भीषणता अमली पदार्थांची, वेश्यावस्तीची, हिंसेची आहे. चहाची ने-आण ही त्या मुलाची केवळ ओळख ठरते. ती त्याच्या शरीराचे काय करते, हे कॅमेऱ्याला दिसणे अवघडच होते. याउलट परेश मोकाशी यांच्या २०१४ सालच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त पंढरपूरच्या वारीत मुले बांगड्यांचे दुकान मांडतात, आणि आपण प्रसन्न होतो. ही प्रसन्नता खोटी नाही. तेथे काम चार दिवसांचे आहे, आई आहे, आजी आहे, शाळा आहे. घराला हातभार लावणे आणि घरासाठी खर्ची पडणे यांतील भेद येथे स्पष्ट दिसतो. तो भेद कामाच्या नावात नसून तासांत, झोपेत, अन्नात आणि आजारी पडल्यावर कोण कपाळावर हात ठेवतो यात आहे. चूक तेव्हा होते, जेव्हा चार दिवसांच्या त्या दुकानाची गोडी आपण बारा महिने राबणाऱ्या पोराच्या अंगावर पांघरतो.

हे काम साहित्याला अशक्य नाही, याचा एक जुना दाखला आहे. इंग्लंडमध्ये धुराडी साफ करण्यासाठी लहान मुलांना आत चढवीत. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने दाखवून दिले की ही मुले मोठी झाल्यावर त्यांच्यांत अंडकोशाच्या त्वचेचा विशिष्ट कर्करोग आढळतो आणि त्याचे कारण काजळी आहे. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली प्रसिद्ध नोंद. त्यानंतर विल्यम ब्लेक या कवीने १७८९ आणि १७९४ मध्ये या मुलांवर एकाच शीर्षकाच्या दोन कविता लिहिल्या. पहिल्या कवितेत एका मुलाला देवदूताचे स्वप्न पडते, आणि त्या समाधानात तो पहाटेच्या थंडीत पुन्हा कामाला निघतो. वरवर वाचणाऱ्याला ती भाविक कविता वाटेल. नीट वाचणाऱ्याला कळते की कवीला ते समाधानच सलत आहे. मुलाला धीर देऊन पुन्हा धुराड्यात पाठविणारी श्रद्धा ही श्रद्धा नव्हे, असे तो सुचवितो. वैद्याने शरीर पाहिले, कवीने समाधान तपासले. आणि तरीही ही प्रथा परिणामकारकपणे थांबविणारा कायदा होण्यास १८७५ साल उजाडावे लागले. पुरी शंभर वर्षे!

आपल्याकडील कायद्याचा प्रवासही असाच संथ. १८८१ च्या फॅक्टरी ॲक्टने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाचे नऊ तास दिले. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले. त्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले आणि मुलाचे शरीर व मन पुरेसे वाढल्याखेरीज त्याला कारखान्यात धाडू नये, असा इशारा दिला. त्यात शरीराचा उल्लेख आहे, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. स्वतंत्र भारतात १९८६ चा बालकामगार कायदा आला. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेले, खाणावळी आणि घरकाम यांतही चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवणे गुन्हा ठरले. २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी सर्वच व्यवसायांना लागू केली आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना धोक्याच्या कामांतून वगळले. परंतु शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा ठेवली. या मुभेमागे तीच काव्यमय कल्पना आहे : घरचे काम ते काम नव्हे. जरीची चौकट घरात मांडली म्हणून डोळ्यांवरचा ताण कमी होत नाही. २०११ च्या जनगणनेत पाच ते चौदा वयाची एक कोटीहून अधिक मुले काम करताना नोंदली गेली, ती या सर्व कायद्यांच्या छायेतच.

शेवटी प्रश्न उरतो तो साक्षीचा. २००५ मध्ये मुंबईतील जरीकामाच्या कारखान्यांतून मुलांच्या सुटकेसाठी मोठ्या धाडी पडल्या. त्यांतील बहुतेक मुले परप्रांतांतून आलेली होती. त्यांची भाषा मराठी नव्हती. वीटभट्टीवरील मुलाची घरची भाषा वारली किंवा कातकरी. म्हणजे आजच्या शहरात राबणारे मूल ज्या भाषेत कण्हते, ती भाषा आपल्या मासिकांत छापली जात नाही. विधायक संसद या संस्थेने वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची झोपडी. कुरणशाळेची ही पुढची पिढीच म्हणावयाची. कुरणाच्या जागी भट्टी आली, इतकाच फरक. आमची अपेक्षा अशी की अशा शाळांतील शिक्षकांनी, आरोग्यसेविकांनी, दवाखान्यांतील परिचारिकांनी लिहावे. खोकला कधी सुरू झाला, वजन किती होते, मूल रात्री कुठे निजले, एवढे जरी साध्या शब्दांत नोंदले, तरी कथेला जे जमले नाही ते या नोंदींना जमेल. अनुताईंनी ती वाट घालून दिली आहे. आणि आम्हां समीक्षकांनी अशा लेखनास ‘वृत्त’ म्हणून दाराबाहेर न ठेवता साहित्याच्या पंक्तीला बसवावे.

आपल्या वाचक कुटुंबांसाठी एक गोष्ट उरते. आपल्यांतील कित्येक घरांत कामाला मुलगी असते, आणि ती पुष्कळदा याच महामार्गाच्या वरच्या अंगाकडून आलेली असते. तिच्याविषयी विचारले की एक ठराविक उत्तर मिळते : ‘आम्ही तिला अगदी घरच्यासारखी वागवतो.’ हे वाक्यही एक प्रकारचे साहित्यच आहे. इतक्या घरांत, इतक्या वेळा, त्याच शब्दांत ते म्हटले जाते की त्याचा अर्थ कुणी तपासत नाही. तिचे वय चौदाच्या आत असेल, तर तिला कामावर ठेवणेच गुन्हा आहे आणि तेथे वाक्याचा उपयोग नाही. त्याहून मोठी असेल, तर त्या वाक्याची परीक्षा फार सोपी आहे. घरची मुलगी निजते तेव्हा ती निजते काय? घरच्या मुलीला पंधरा दिवस खोकला राहिला तर आपण छातीचा फोटो काढतो. तिचा काढला काय? मागच्या वर्षीपासून ती किती वाढली, हे कुणी भिंतीवर खूण करून पाहिले आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे ज्या घरात ‘हो’ अशी असतील, तेथे ते वाक्य खरे आहे. जेथे नसतील, तेथे ते वाक्य म्हणणे आजपासून थांबवावे आणि तिला डॉक्टरकडे न्यावे.